जेएनयू १९६९ चं, मग त्यातलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९५५ चं कसं काय?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी, मी टीवाय बीएला आहे, राज्यशास्त्र स्पेशल, आणि पुढं आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचं डोक्यात आहे. दिल्लीच्या जेएनयूचा, म्हणजे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा, फॉर्म भरायचा म्हणून माहिती काढत बसले होते, तर सगळीकडं लिहिलंय की जेएनयू १९६९ ला सुरू झालं आणि आमच्या सरांनीपण तेच सांगितलं, पण त्यातल्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजच्या माहितीत स्थापना ऑक्टोबर १९५५ अशी आहे. आता लेक आईच्या आधी चौदा वर्षं जन्माला आली असं कसं होईल? सरांना विचारलं तर म्हणाले छपाईची चूक असेल, पण मला काही ते पटलं नाही.

दुसरं म्हणजे हे स्कूल कोणी काढलं, कशासाठी काढलं, आपल्या महाराष्ट्राचा काही संबंध आहे का? हे विचारण्याचं कारण सांगते. माझे पप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत, शिकण्याला त्यांचा कधीच विरोध नाही, पण परवा जेवताना म्हणाले, "बाळा, तिकडच्या देशांचं तिकडं, आपल्याला इथं बसून ते शिकून करायचं काय?" मला पटकन उत्तर देता आलं नाही आणि ते मला लागून राहिलंय. कुणी तिथं शिकलेलं असेल तर जरा सविस्तर सांगा, प्लीज.

---

मंडीहाऊस ते मुनीरका

चूक बिलकुल नाही गं, दोन्ही सालं बरोबर आहेत. मी तिथं एमए आणि एमफिल केलंय, पश्चिम आशिया हा विषय होता, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही, लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाच.

हे स्कूल जेएनयूच्या पोटी जन्मलेलं नाहीच मुळी. ते आधी स्वतंत्र होतं, नाव इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, जागा दिल्लीत बाराखंबा रोडवरचं सप्रू हाऊस, म्हणजे आजच्या मंडी हाऊस मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुरुवातीला दिल्ली विद्यापीठाशी संलग्न होतं, मग १९६१ ला त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही अभिमत विद्यापीठांपैकी ते एक, आपल्या मुंबईच्या टिसला, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसलासुद्धा, तो दर्जा १९६४ ला मिळाला यावरून अंदाज कर. जेएनयूचा कायदा संसदेत १९६६ ला झाला, विद्यापीठ सुरू झालं १९६९ ला, आणि जून १९७० मध्ये हे पंधरा वर्षांचं चालतं-बोलतं स्कूल आपली माणसं, आपले विद्यार्थी आणि आपलं नियतकालिक घेऊन त्यात विलीन झालं. म्हणून जेएनयूतलं सगळ्यात जुनं स्कूल ते, विद्यापीठापेक्षाही जुनं. तुझ्याच भाषेत सांगायचं तर ही लेक दत्तक आलेली आहे, आणि येताना वयानं मोठी होती.

आता कशासाठी काढलं ते. यासाठी थोडं मागं जावं लागेल, १९३६ पर्यंत. त्या वर्षी इकडे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स नावाची एक संस्था निघाली, तिचं नातं थेट लंडनच्या चॅटम हाऊस ह्या तसल्याच अभ्याससंस्थेशी, म्हणजे जग कसं चाललंय ते लंडनमधून बघायचं आणि इथे येऊन सांगायचं असा सगळा मामला. ते ज्यांना खटकलं त्या लोकांनी १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, स्वातंत्र्याचा पत्ता नसताना, इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स काढली, अध्यक्ष सर तेजबहादूर सप्रू. सप्रू म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या लोकांना लगेच सप्रू-जयकर ही जोडी आठवेल, गांधीजी आणि व्हाइसरॉय यांच्यात मध्यस्थी करणारे, त्यातले मुकुंदराव जयकर म्हणजे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, जयकर ग्रंथालय ज्यांच्या नावाचं आहे ते. फाळणी झाली तेव्हा ती जुनी १९३६ ची संस्था तिच्या सेक्रेटरींबरोबर कराचीला गेली आणि तिथं पाकिस्तान इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स झाली, आणि दिल्लीत ही कौन्सिल राहिली. म्हणजे फाळणी फक्त जमिनीची आणि रेल्वेच्या डब्यांची झाली असं नाही, जगाकडे बघण्याच्या खिडक्यांचीपण झाली.

ह्या कौन्सिलनं १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याच्या चार-साडेचार महिने आधी, पुराना किल्ल्यात एशियन रिलेशन्स कॉन्फरन्स भरवली. विचार कर, आपलं सरकार अजून पूर्ण आपलं नाही, आणि अख्ख्या आशियातले लोक दिल्लीत बोलावलेत. त्या परिषदेची सगळी धावपळ ज्यांनी केली ते कौन्सिलचे सेक्रेटरी जनरल ए. अप्पादोराई, आणि पुढे १९५५ मध्ये स्कूल निघालं तेव्हा पहिले डायरेक्टर तेच. तुझ्या सरांना नाव सांग, त्यांचं राज्यशास्त्राचं पाठ्यपुस्तक नक्की माहीत असणार.

तर अडचण काय होती बघ. देश स्वतंत्र झाला, नेहरू पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही, एकामागून एक दूतावास उघडतायत, १९५५ च्या एप्रिलमध्ये आशिया-आफ्रिकेतल्या देशांची बांडुंगची परिषद झाली, आणि आपल्याकडे इंडोनेशियावर, इराणवर, चीनवर वर्षानुवर्षं बसून अभ्यास केलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जे शिकलेले होते ते इंग्लंडचा इतिहास तोंडपाठ असलेले, पण शेजारचा नेपाळ माहीत नाही. म्हणून त्या स्कूलनं सुरुवातीला एमए वगैरे घेतलंच नाही, फक्त पीएचडी. एक माणूस, एक देश किंवा एक प्रदेश, तिथली भाषा, आणि शक्य असेल तर तिथं जाऊन राहणं. ह्याला एरिया स्टडीज म्हणतात आणि भारतात ती पद्धत ह्या स्कूलनं आणली. १९५९ च्या जुलैत त्यांनी इंटरनॅशनल स्टडीज नावाचं नियतकालिक सुरू केलं, ते आजही निघतं. एमफिल आलं १९७१-७२ मध्ये आणि ज्या एमएचा तू फॉर्म भरणार आहेस ते १९७३-७४ मध्ये, म्हणजे जेएनयूत आल्यानंतर.

एक माझी आठवण सांगतो, मग थांबतो. एमफिलला असताना सप्रू हाऊसच्या लायब्ररीत मी दोन-तीन आठवडे रोज जात होतो, तिथं वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा जुना साठा आहे, विषयवार लावलेला. मी मागितलं होतं १९५६ चं सुएझचं. समोर कात्रणांचा गठ्ठा आला, कागद तपकिरी झालेले, कडा नुसत्या हात लावला तरी झडत होत्या, प्रत्येक कात्रणावर पेननं तारीख आणि पेपरचं नाव. कोणीतरी रोज सकाळी कात्री घेऊन बसलं असणार, इजिप्तच्या नासरनं सुएझ कालवा ताब्यात घेतला ही बातमी कापून चिकटवली असणार, हे उद्या कुणाला तरी लागेल म्हणून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ते मला लागलं. मी कितीतरी वेळ ते एकच कात्रण धरून बसलो होतो.

---

पुणेरी पान

वरचा प्रतिसाद फार सुंदर. महाराष्ट्राच्या संबंधाबद्दल मी भर घालतो, कारण तो संबंध जयकरांपेक्षा कितीतरी थेट आहे आणि जरा चटका लावणारासुद्धा आहे.

हे स्कूल उभं करण्यामागचं मोठं नाव म्हणजे पंडित हृदयनाथ कुंझरू. सप्रू गेले १९४९ ला, कौन्सिलची धुरा पुढे कितीतरी वर्षं कुंझरूंनी वाहिली आणि स्कूलसुद्धा त्यांच्याच पुढाकारानं निघालं. मूळचे काश्मिरी पंडित, वाढले उत्तर प्रदेशात, मग पुण्याशी काय नातं? तर हे गोपाळ कृष्ण गोखल्यांचे शिष्य. गोखल्यांनी १२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज काढला, आपण ज्याला सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी म्हणतो तो, त्यात कुंझरू १९०९ ला आले आणि १९३६ पासून १९७८ ला जाईपर्यंत ते समाजाचे अध्यक्ष होते. म्हणजे बेचाळीस वर्षं! आज आपण डेक्कनवरून जाताना गोखले इन्स्टिट्यूटची पाटी बघतो, ती गोखले अर्थशास्त्र संस्थासुद्धा १९३० ला ह्याच समाजाच्या छत्राखाली निघाली, रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून. तर देशाचं अर्थकारण अभ्यासायची संस्था पुण्यात आणि जगाचं राजकारण अभ्यासायची संस्था दिल्लीत, आणि दोन्हीच्या मागे गोखल्यांचीच शिकवण, की आधी नीट अभ्यास करा, आकडे गोळा करा, मग बोला. गोखले स्वतः बजेटवर बोलायला उभे राहायचे तेव्हा समोरचे इंग्रज अधिकारी कागद चाळायला लागायचे हे आपण शाळेत असताना ऐकलेलं आहेच.

आता चटका कुठे लागतो ते. तारीख बघा, ऑक्टोबर १९५५. त्याच वेळी महाराष्ट्रात काय चाललं होतं? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला सरकारला दिला गेला आणि ऑक्टोबरात तो लोकांसमोर आला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाही, गुजरातीभाषक आणि मराठीभाषक मिळून द्विभाषिक राज्य आणि विदर्भ वेगळा अशी शिफारस. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे, १०६ हुतात्मे, १ मे १९६०. त्या आयोगाचे सदस्य तिघं, फाझल अली, के. एम. पणिक्कर आणि हेच हृदयनाथ कुंझरू! म्हणजे एकाच महिन्यात ह्या माणसाच्या सहीच्या अहवालावर महाराष्ट्रात संताप उसळत होता आणि दिल्लीत त्यांच्या पुढाकारातून हे स्कूल उघडत होतं. माझे आजोबा चळवळीत होते, घरात कुंझरूंचं नाव कधी प्रेमानं घेतलं गेलं नाही, आणि मी पुढे जेव्हा त्यांच्याबद्दल वाचत गेलो तेव्हा मला ते दोन्ही एकाच माणसात बसवायला वेळ लागला. पण बसवलं. त्यांचा तो निर्णय आपल्याला मान्य नव्हता, आजही नाही, आणि तरीही माणूस निःस्पृह होता, १९६८ मध्ये भारतरत्न देऊ केलं तर नाही म्हणाले, कारण घटना समितीत त्यांनी असल्या पदव्या-किताबांना विरोध केला होता आणि स्वतःच्या वेळी तो विसरायला ते तयार नव्हते. जेएनयूत त्यांच्या नावानं व्याख्यानमाला आहे.

आणि अजून एक मराठी धागा. संरक्षण विषयाच्या अभ्यासाची आयडीएसए ही संस्था नोव्हेंबर १९६५ ला निघाली ती यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, आणि तिचंही पहिलं बिऱ्हाड सप्रू हाऊसमध्येच होतं. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला वगैरे आपण अभिमानानं म्हणतो, पण ते तिथं जाऊन शस्त्रांबरोबर अभ्यासाचीही सोय करून आले ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. सांगायला पाहिजे.

---

खडा सवाल

माहिती छान आहे दोघांची, पण एक शंका मांडतो. लंडनच्या चष्म्यातून बघायचं नाही म्हणून स्कूल काढलं असं म्हणताय, पण एरिया स्टडीज ही तर अमेरिकेची पद्धत ना? दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकेला जगभर पसरायचं होतं, रशिया समजून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी विद्यापीठांत प्रदेशवार केंद्रं उघडली. म्हणजे इंग्लंडचा चष्मा काढून अमेरिकेचा घातला असं झालं नाही का? ह्यावर तिथे शिकलेल्यांनी प्रामाणिकपणे बोलावं.

---

हडसनपार

मी न्यू जर्सीत असते, माझा मुलगा कोलंबियाला शिकला, त्यामुळे ह्या शंकेच्या अमेरिकेकडच्या बाजूबद्दल जेवढं माहितीये तेवढं लिहिते.

हो, इथली बहुतेक नावाजलेली स्कूलं युद्धाच्याच आगेमागे निघालीत. जॉर्जटाउनचं सर्वात जुनं, १९१९, पहिलं महायुद्ध संपल्या संपल्या. फ्लेचर १९३३. वॉशिंग्टनमधलं साइस १९४३, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, पॉल नित्से आणि ख्रिश्चन हर्टर ह्या दोघांनी काढलं आणि १९५० ला ते जॉन्स हॉपकिन्समध्ये गेलं, म्हणजे तुमच्या सप्रू हाऊसवाल्या स्कूलसारखंच, आधी स्वतंत्र आणि मग विद्यापीठात. कोलंबियाचं १९४६, सुरुवातीचं नाव नुसतं स्कूल ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स, त्याच वर्षी तिथं रशियन इन्स्टिट्यूटपण निघाली, त्यामुळे खडा सवाल म्हणतात ते खरंच आहे, रशियाचा अभ्यास हा तेव्हाचा मोठा हेतू होता. पब्लिक अफेअर्स हे शब्द नावात आले ते १९८१ ला, म्हणून आता सगळे त्याला सीपा म्हणतात.

पण मला वेगळीच गोष्ट सांगायचीय. त्या स्कूलची इमारत आहे ना, अ‍ॅमस्टरडॅम अव्हेन्यू आणि ११८ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची उंच इंटरनॅशनल अफेअर्स बिल्डिंग, तिच्यातच लीमन लायब्ररी आहे, आणि त्या लायब्ररीत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. बाबासाहेब कोलंबियात होते १९१३ ते १९१६, तेव्हा हे स्कूलही नव्हतं आणि ही इमारतही नव्हती, १९५२ ला विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. मुलाला पहिल्यांदा सोडायला गेलो तेव्हा माझ्या सासूबाई बरोबर होत्या, नागपूरच्या, वय सत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात म्हणून इमारतीच्या दारातच थांबते म्हणत होत्या, पण आत बाबासाहेब आहेत म्हटल्यावर एक शब्द न बोलता आत आल्या. पुतळ्यासमोर चपला काढून ठेवल्या. शेजारी पोरं लॅपटॉप उघडून बसलेली, एक आफ्रिकन मुलगी उठली आणि तिनं त्यांना बसायला खुर्ची दिली, कोण आहेत हे तुमचे असं तिनं विचारलं, तर माझ्या मुलानं सांगायला सुरुवात केली आणि ती म्हणाली, मला माहितीये, मी वाचलंय. सासूबाईंना इंग्रजी येत नाही पण बाबासाहेबांचं नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

चष्म्याचा मुद्दा आहे तिथे आहेच. पण कुठल्या हेतूनं इमारत बांधली आणि आत बसून पोरं काय वाचतात ह्या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असं नाही, एवढंच म्हणते.

---

मंडीहाऊस ते मुनीरका

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. चपला काढल्या ते वाचून.

खडा सवाल, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि आमच्या वर्गातही त्यावर कडाक्याचे वाद व्हायचे, हॉस्टेलच्या मेसमध्ये सुरू झालेला वाद ढाब्यावर रात्री दोनपर्यंत चालायचा. पद्धत बाहेरून आली हे मान्य. पण ती इथे आल्यावर काय झालं त्याचं एक उदाहरण देतो, अगदी साधं, पण मला त्यातूनच सगळं कळलं.

मी ज्या सेंटरमध्ये होतो त्याचं आजचं नाव सेंटर फॉर वेस्ट एशियन स्टडीज. आता अमेरिकेत, इंग्लंडमध्ये काय म्हणतात? मिडल ईस्ट. मराठी पेपरवालेपण सर्रास मध्यपूर्व लिहितात. माझ्या पहिल्याच टर्म पेपरमध्ये मी मिडल ईस्ट लिहिलं होतं, कारण वाचलेली सगळी पुस्तकं तिकडची. सरांनी त्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले, "कोणाच्या पूर्वेला?" मी तो कागद अजून ठेवलाय. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर अरबस्तान सूर्य मावळतो त्या बाजूला आहे. आपल्या कोकणातली गलबतं पश्चिमेकडंच जायची मस्कतला, बसऱ्याला, कोणी आजोबा आपल्या नातवाला मध्यपूर्वेला गेलो होतो असं सांगत नव्हते. मध्यपूर्व हा शब्द लंडनमध्ये बसलेल्या माणसाचा आहे. भारत सरकारही अधिकृतपणे वेस्ट एशियाच म्हणतं. तर चष्मा कोणाचा हा प्रश्न त्या स्कूलनं फक्त विचारला नाही, दारावरच्या पाटीवर त्याचं उत्तर लिहून ठेवलं.

तसंच आंतरराष्ट्रीय कायद्याचं. तिथले आर. पी. आनंद हे मोठं नाव, त्यांनी आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला की आंतरराष्ट्रीय कायदा म्हणून जे जगाला शिकवलं जातं ते युरोपनं आपापसात ठरवलेलं आहे, आशिया-आफ्रिकेतले देश ते नियम बनताना खोलीतच नव्हते, आणि हिंदी महासागरात पोर्तुगीज यायच्या आधी समुद्र सगळ्यांना मोकळा होता. हे अमेरिकेतून उसनं आणलेलं शिक्षण नाही.

कमी कुठं पडलं तेही सांगतो, प्रामाणिकपणे म्हणालात म्हणून. भाषा. ज्या देशावर बोलायचं त्याची भाषा आलीच पाहिजे हे तत्त्व पहिल्या दिवसापासून होतं, पण मुलं एमफिल-पीएचडीच्या वर्षांत अरबी, फारसी, चिनी शिकता शिकता दमतात आणि मग इंग्रजी पुस्तकांवरच प्रबंध होतो. १९६२ ला चीननं धक्का दिला तेव्हा चिनी वर्तमानपत्र वाचू शकणारी माणसं आपल्याकडे किती कमी आहेत हे सगळ्यांना कळलं होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही ही उणीव पूर्ण भरलेली नाही असं माझं मत आहे. मी स्वतः दोन वर्षं फारसी शिकलो, रोज सकाळी, आणि तेहरानचा पेपर पहिल्यांदा कोशाशिवाय वाचला तो दिवस अजून लक्षात आहे. बातमी अगदी किरकोळ होती, पिस्त्याच्या भावाची. पण मला कुणी भाषांतर करून दिलेली नव्हती.

---

अपर्णा लातूर

मी ज्युनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. सगळं वाचलं, खूप काही नवीन कळलं, पण वारणाकाठ, तुझ्या पप्पांच्या प्रश्नाकडं कोणी वळलंच नाही बघ, आणि मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तिकडच्या देशांचं तिकडं असं ते म्हणाले ना? त्यांना साखरेवरूनच सांग.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला ह्या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. तक्रार काय, तर भारत सरकार उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवून देतं आणि साखर निर्यातीला मदत करतं, त्यामुळं जगात साखरेचा भाव पडतो आणि त्यांचं नुकसान होतं. एफआरपी, म्हणजे तुमच्या भागातल्या प्रत्येक घरात जो शब्द रोज बोलला जातो तो! वारणेच्या काठच्या उसाचा भाव हा जिनिव्हात बसलेल्या तीन माणसांच्या पॅनेलसमोरचा विषय झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला, आणि भारतानं त्यावर अपील केलं. आता गंमत नाही, खरी अडचण अशी की अपील ऐकणारं जे मंडळ आहे ते २०१९ च्या डिसेंबरपासून ठप्प आहे, कारण अमेरिका तिथल्या नेमणुका होऊच देत नाहीये. त्यामुळं निकाल लागलाय पण लागू नाही, लटकलेला आहे.

आता ह्यात किती विषय आले मोज. आंतरराष्ट्रीय कायदा आला, व्यापार आला, ब्राझीलचं राजकारण आलं, अमेरिका नेमणुका का अडवते ते आलं. आणि हे सगळे विषय तू जिथं जायचं म्हणतेस त्या स्कूलमध्ये वेगवेगळ्या सेंटरमध्ये शिकवले जातात, कायद्याचं वेगळं, व्यापार आणि विकासाचं वेगळं, कॅनडा, अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेचं मिळून वेगळं. व्यापारवाल्यांनी तर १९९५-९६ पासून स्वतःचं अर्थशास्त्राचं एमए सुरू केलंय, आणि जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली तीही १९९५ लाच. पप्पांच्या काट्यावर जी ट्रॉली येते तिचा संबंध तिकडच्या देशांशी नाही असं कोण म्हणेल?

हा विषय माझ्या मनाच्या फार जवळचा आहे. मराठवाड्यातून, पश्चिम महाराष्ट्रातून पोरी यूपीएससीसाठी पुण्याला पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या छापील नोट्स पाठ करतात, पण ह्या विषयात संशोधन करावं, एक देश धरून त्यात मुरावं असं त्यांना कोणी सांगत नाही. आपल्याकडं उसावर बोलणारे हजार आहेत, ब्राझीलच्या उसावर मराठीत अधिकारानं लिहिणारं माणूस मला तरी पटकन आठवत नाही.

---

पुणेरी पान

अपर्णाताई, मनापासून पटलं. आणि जाता जाता एक, परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर ह्याच स्कूलचे, अण्वस्त्रांच्या राजनयावर तिथूनच पीएचडी. त्यांचे वडील के. सुब्रह्मण्यम हे त्या आयडीएसएचे पुढे संचालक झाले, यशवंतरावांच्या काळात निघालेल्या. निर्मला सीतारामन यांचं एमफिलही जेएनयूचंच.

---

वारणाकाठ

मला काय लिहावं कळत नाहीये, सगळ्यांचे खूप खूप आभार. मी दोनदा वाचलं सगळं, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

काल रात्री पप्पांना अपर्णामॅडमचा प्रतिसाद वाचून दाखवला. एफआरपीचं आलं तसं त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पूर्ण ऐकलं आणि मग विचारलं, "मग तिथं आपल्या बाजूनं बोलायला कोण गेलतं?" मला सांगता आलं नाही. नंतर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले ब्राझीलवाले ऊस मशीननं तोडतात म्हणे, टोळ्या नसतात तिथं, हे खरं का ते बघ. आणि मम्मीला म्हणाले फॉर्मचे पैसे किती लागतात विचार हिला. सरांनापण १९५५ चं सांगितलं, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या तासाला वर्गात स्वतः सांगितलं.

आता एकच विचारायचंय. दादा, तुम्ही भाषेचं म्हणालात, तर ब्राझीलसाठी कुठली भाषा लागेल, स्पॅनिश का? आणि ती आधीच शिकायला घेतली तर चालेल का, का तिकडं गेल्यावर?

---

मंडीहाऊस ते मुनीरका

ब्राझीलला पोर्तुगीज गं, स्पॅनिश नाही. आजूबाजूच्या बहुतेक देशांत स्पॅनिश चालतं, पण ब्राझीलमध्ये पोर्तुगीज. आणि ही भाषा तुला दिल्लीपेक्षा जवळ मिळेल, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, सांगलीहून रात्रीची बस धरली की सकाळी पणजी. जेएनयूतही भाषांचं वेगळं स्कूल आहे आणि तिथं स्पॅनिश-पोर्तुगीजचं सेंटर आहे, पण थांबू नकोस, आत्तापासून सुरू कर, मोबाईलवर रोज अर्धा तास जरी केलंस तरी जायच्या वेळी कानाला सवय झालेली असेल. एमएचा प्रवेश आता सीयूईटी पीजी ह्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, तारखा जेएनयूच्या आणि परीक्षेच्या साइटवर स्वतः तपासत राहा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नको. एमफिल आता बंद झालंय, त्यामुळे एमए झालं की थेट पीएचडी.

पप्पांना सांग, साओ पावलोकडचा बहुतेक ऊस मशीननंच तोडतात, हे खरं आहे. तोडणीच्या आधी फड पेटवायचे, ते कमी करण्यासाठी तिथं कायदा आला आणि त्यातून मशीनं वाढली. मग तिथल्या तोडणी कामगारांचं पुढं काय झालं, ते कुठं गेले, हे मात्र तू शोध, आणि इथं येऊन मराठीत लिही. बीडच्या टोळ्यांच्या घरी ते वाचणारी पोरं आहेत.